फळीचा सव्वा महिना

खिडकी उलटी बसली होती.

मगदूमसाहेबांनी सकाळी चहाचा कप हातात घेऊन ट्रॉलीकडं पाहिलं आणि चहा तसाच कट्ट्यावर ठेवला. कडी बाहेरच्या अंगाला, पागोळीची पट्टी आतल्या अंगाला. म्हणजे पाऊस आला तर पाणी घरात आणि चोर आला तर कडी त्याच्या हातात! साध्या लाकडाचं काम असतं तर चार स्क्रू फिरवले की झालं. पण ही पडली हाडफळी. काल चौकट लावून कडा ओल्या केल्या होत्या, रात्रभरात फळीनं चौकट घट्ट धरली. आता सुटली तर करवतीनंच सुटणार, आणि कापलेली कड पुन्हा सांधायला आठवडा जाणार.

"अरे देवा," मगदूम म्हणाले. मग आजूबाजूला कुणी नाही हे बघून त्यांनी ट्रॉलीच्या चाकाला लाथ घातली. चाकाला काही झालं नाही, अंगठा मात्र ठणकायला लागला.

सुकुमार मगदूमांनी सगळी नोकरी सहकारी बँकेत काढली. खुर्चीवर बसून सह्या करणं सोडलं तर हाताचं काम असं त्यांनी कधी केलं नव्हतं. घरात खिळा ठोकायचा असला तर बायको स्टुलावर चढून ठोकायची आणि हे खालून "डावीकडं, जरा डावीकडं" म्हणायचे. असला माणूस निवृत्त झाल्यावर उसाच्या जुन्या ट्रॉलीवर एकट्यानं घर बांधायला निघाला, म्हटल्यावर शिरोळ तालुक्यातल्या त्या एवढ्याशा खिद्रेवाडीला करमणूक झाली. जाणारायेणारा प्रत्येक जण ट्रॉलीपाशी थांबायचा आणि शहाणपण सांगून जायचा. कुणी म्हणे पत्रा मारायचा होता, कुणी म्हणे माझ्या मेव्हण्याला बोलवायचं होतं. हातोडी धरायला मात्र एकही पुढं येत नव्हता. गावोगाव हे असंच असतं.

हाडफळी म्हणजे काय ते इथंच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं वेड्याचा बाजार वाटेल. उसाची चिपाडं दाबून त्यांत एका बुरशीचे तंतू वाढवतात. असल्या फळ्या पूर्वीही होत्या, पण त्या भाजून आतली बुरशी मारून टाकत. या नव्या फळीत ती जिवंत ठेवतात. मग तिचं आपल्या हाडासारखं होतं. आपल्या अंगात जिथं रोज भार पडतो तिथलं हाड दाट होतं आणि जिथं पडत नाही तिथला माल शरीर काढून घेतं. म्हणून तर अंतराळात महिनोन्‌महिने तरंगून आलेल्या माणसाची हाडं विरळ झालेली असतात. फळीतल्या तंतूंनाही ताण कळतो. जिथं ताण येतो तिथं बुरशी नवे थर चढवते, आणि त्यासाठी लागणारा माल रिकाम्या पडलेल्या जागेतून खाऊन आणते. त्यामुळं सगळीकडं जाडजूड सामान घालावं लागत नाही. घर वजनाला लाकडाच्या निम्म्यानंसुद्धा भरत नाही. ट्रॉलीवर घालून ओढायचं म्हटलं तर यापरतं बरं काही निघालेलं नाही.

अट एकच. फळी लागल्यावर सुरुवातीचे काही आठवडे तिला शिकवावं लागतं. त्या घरात जे राहणार त्यांनी तिथं चालायचं, बसायचं, भिंतीला टेकायचं, झोपायचं. तेवढ्यात ती ज्या सवयी उचलते त्याच पुढं धरून बसते. कंपनीनं त्या काळाला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, पण आपल्या लोकांनी पहिल्याच वर्षी त्याचा 'सव्वा महिना' करून टाकला. कारण बाळंतिणीसारखं फळीलाही गार वारं लागू द्यायचं नसे, ऊब द्यायची, आणि अधूनमधून काकवीचं पाणी शिंपडून तिला खाऊ घालायचं असे.

आता हे सगळं कशासाठी, तर पुरासाठी. खिद्रेवाडी पंचगंगेच्या काठावर. पूर येणार हे आता चार दिवस आधी घराघराला फोनवर कळतं, तुमच्या उंबऱ्यावर किती पाणी चढणार तेही कळतं. पण नुसतं कळून काय करता? मागच्या पुरात पद्मावतीनं, म्हणजे मगदूमांच्या बायकोनं, घर सोडलं नव्हतं. तिची म्हैस होती, चांदी नावाची. नावेत म्हैस घेत नाहीत. मग पद्मावतीनं चांदीला जिन्यावरून रेटत स्लॅबवर चढवली आणि स्वतः तिच्याशेजारी बसली. नाववाले हात जोडून थकले. तिला सोडून मगदूमही हलले नाहीत, पण चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये रवंथ करणारी म्हैस, अशा त्या स्लॅबवर त्यांच्या काळजाचं जे पाणी झालं ते पुन्हा घट्ट झालंच नाही.

म्हणून पद्मावती जैन बस्तीच्या पंचकल्याणक पूजेला चार दिवस बाहेरगावी गेली तेव्हा त्यांनी म्हैस विकली. गोठ्याची भिंत पाडून तिथं ट्रॉली आणून लावली. बायको आली की तिला सगळं समजावून सांगायचं, असं त्यांनी मनाशी घोकून ठेवलं होतं.

पद्मावतीनं पिशवी खाली ठेवली, ट्रॉलीकडं पाहिलं, खुंटीवरच्या दाव्याकडं पाहिलं.

"मला विचारलासा?" ती म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच तर..."

"मला विचारलासा का, ते सांगा."

मगदूमांनी पूर, पाणी, वय, गुडघे, सगळं काढलं. ती ऐकत उभी राहिली, मग आत जाऊन चूल पेटवायला लागली. घरात गॅस असताना! त्या दिवसापासून तिनं बोलणं मोजकं केलं. जेवायला वाढलंय, दळण आणा, पाणी आलंय. बस्स.

ट्रॉलीवरच्या घरात तर ती पाऊल टाकायला तयार नव्हती. एकदा मगदूमांनी फारच गळ घातली तेव्हा ती दाराशी आली, फळीचा वास घेतला आणि मागं सरली.

"हे अळंबीच की."

"अळंबी नव्हे, बुरशीचा एक..."

"तेच ते. जी वस्तू आपण तोंडात घालत न्हाई, तिच्या पोटात जाऊन झोपायचं? आणि जिवंत हाय म्हणता. खिळा मारला की हिंसा."

"खिळा लागतच नाही, पद्मा! ती आपली आपण सांधते."

"मग बरं झालं. तिच्याशीच बोलत बसा."

मगदूम घराण्यातल्या कुणी कांदा खाल्ला नव्हता, आणि हा गृहस्थ बुरशीचं घर बांधत होता. खरं कारण म्हैस होतं हे त्यांना कळत होतं. पण बुरशीवर वाद घालता येतो, म्हशीवर घालता येत नव्हता.

काम रेटून चाललं होतं. छत बसलं तेव्हा एका बाजूनं बोटभर खाली आलं. खिडकी कापून सरळ केली तर कापलेल्या कडेवर काकवी जास्त पडली आणि मुंग्या आल्या. एकदोन नव्हे, वारूळच्या वारूळ! मुंगी मारायची तर सोय नाही. मगदूमसाहेब मऊ कुंचा घेऊन उकिडवे बसले आणि एकेक मुंगी सुपलीत गोळा करून परसात सोडायला लागले. तोवर दुसऱ्या दारानं निम्म्या परत येत होत्या. पद्मावती स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ती हसलीसुद्धा नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं त्यांना.

घर उभं राहिलं आणि सव्वा महिना सुरू झाला. मगदूम रोज आत जाऊन बसायला लागले. खिडकीपाशी खुर्ची टाकली, तिथं पेपर वाचायचा. खुर्चीवरून उठून ओट्यापाशी, ओट्यापासून खाटेवर. चार-सहा दिवसांतच फरशीचा आवाज बदलला, पावलाखाली टणक लागायला लागली. त्यांना इतका आनंद झाला की ते एकटेच आत टाळी वाजवून बसले. पण पद्मावती येत नव्हती, आणि ती आली नाही तर घर अर्धंच शिकणार होतं.

तेव्हा त्यांना पोत्याची अक्कल सुचली. खताच्या पोत्यात वाळू भरायची, पद्मावतीच्या वजनाइतकी, आणि ते तिच्या जागी ठेवायचं. आता वजन विचारायची काही सोय नव्हती. अंदाजानं भरलं. पोतं उचलून खाटेच्या डाव्या बाजूला ठेवलं, कारण ती डाव्या बाजूला झोपते. का उजव्या? मगदूम पोत्यावर हात ठेवून विचार करत उभे राहिले. नोकरीत असताना पहाटे डोळा उघडायचा तेव्हा ती उठून गेलेली असायची, आणि रात्री हे घोरायला लागल्यावर ती यायची. शेवटी डावी बाजू ठरवली.

दुसरं पोतं ओट्यापुढं. पण ओट्यापुढं ती उभी कुठं राहते? शेगडीपाशी, की मोरीपाशी? ते बघायला म्हणून मगदूम जुन्या घरातल्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"काय बघायलासा?" पद्मावती भाकरी थापता थापता म्हणाली.

"काही नाही. चालू दे तुझं."

ती सगळा भार डाव्या पायावर घेऊन उभी होती. उजवा पाय नुसता टेकवलेला.

"गुडघा दुखतोय का?"

"मग काय तर."

"कधीपासून?"

"तुम्ही मॅनेजर झाला त्या सालापासनं."

मगदूमांना मॅनेजर होऊन किती वर्षं झाली याचा त्यांनी हिशोब करायला घेतला आणि अर्धवट सोडून दिला. मग त्यांना नवीच शंका आली. या घरात त्यांची खुर्ची आहे, त्यांचं टेबल आहे, दिवाणावर लोड आहे. ही बसते कुठं? त्यांनी दिवसभर लक्ष ठेवलं. ती कुठंच बसत नव्हती. शेंगा सोलायला चौकटीला टेकायची, जेवायला नवऱ्याच्या मागून ताट घेऊन खाली टेकायची आणि घास संपायच्या आत कशाला तरी उठायची.

"पद्मा, तू बसतीस कुठं गं?"

"का? आता बसायला पण जागा नेमून देणार?"

"तसं नव्हे. संध्याकाळी वगैरे."

भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "गोठ्यात एक दगड हुता. तिथं बसत हुते, चांदीपाशी. आता तिथं तुमचं चाक हाय."

हे ऐकून माणसानं काय करायचं? मगदूम परसात गेले, ट्रॉलीच्या मागच्या चाकाखाली वाकून बघितलं. दगड होता. चाक घसरू नये म्हणून त्यांनीच तो उटीला लावला होता.

सव्वा महिना संपता संपता कंपनीकडून तपासणीला रुबीना जमादार आली. तिशीच्या आतबाहेरची, बोलायला मोकळी. तिच्याकडं वाटीएवढं यंत्र होतं. ते फरशीवर ठेवलं की बारीक ठोका द्यायचं, आतून परत आलेला नाद ऐकायचं आणि फळी कुठं दाट, कुठं विरळ याचं चित्र पडद्यावर काढायचं. ती गुडघ्यांवर बसून यंत्र सरकवत गेली आणि मगदूम मागून मान लांब करून बघत राहिले. खुर्चीखाली गडद, खिडकीपर्यंत गडद, खाटेची उजवी बाजू गडद. बाकी सगळं फिक्कं, आणि त्यात दोन काळे ठिपके.

ओट्यापाशी ती थांबली. खाटेच्या डाव्या बाजूला पुन्हा थांबली.

"काका, इथं काय ठेवलं होतं?"

"का?"

"सांगा तर खरं."

"वाळूचं पोतं."

रुबीनानं कपाळाला हात लावला नाही, एवढंच. "काका, जिवंत माणूस कधी गप्प नसतो ओ. बसला तरी चुळबुळ करतो, झोपेत कूस बदलतो. फळीला ते लागतं. हे पोतं तिनं धोंडा समजून धरलंय. पोत्याखाली एक गाठ करून ठेवलीय आणि तिच्यासाठी भोवतीचं सगळं खाल्लंय. इथं कुणी झोपलं आणि कुशीवर वळलं तर थेट खाली."

"म्हणजे?"

"म्हणजे घर एकट्या माणसाचं झालंय. तुमचं. दोघं आत बसून रस्त्यानं न्यायचं तर मी हो म्हणणार नाही."

"मग दुरुस्त कर की! पैसे काय ते..."

"दुरुस्त म्हणजे पुन्हा शिकवायचं. काकूंनी आत राहायचं, पुन्हा सव्वा महिना. पण तेवढे दिवस तुम्ही आत पाय घालायचा नाही. फळीला मुरलेली जागा आवडते. तुम्ही आत असला की ती सगळा माल तुमच्याच पायाखाली ओतणार, काकूंच्या वाट्याला काही येणार नाही. आणि तुमची जागा ती खाणार, ते मात्र धरून चाला."

"माझी जागा?" मगदूमांचा आवाज चढला. "मी बांधलंय हे! एकट्यानं! ही बोटं बघ. हा अंगठा बघ. पाठ धरलीय ती वेगळी. आणि मीच बाहेर?"

"मी काय करू, काका? फळीला बोटं दिसत नाहीत."

खालून पद्मावतीनं हाक मारली, "पोरी, चहा ठेवलाय, पिऊन जा." रुबीना गेली. बायकोला यातलं काही सांगायचं नाही असं मगदूमांनी ठरवून टाकलं. पुढच्या वर्षी बघू. यंदा पाऊस तसा बेताचाच दिसतोय.

यंदाचा पाऊस बेताचाच दिसतोय असं खिद्रेवाडीत ज्यानं ज्यानं म्हटलं त्याची फजिती झाली आहे. नागपंचमी झाली आणि फोन वाजले. मगदूमांच्या उंबऱ्यावर छातीभर पाणी येणार. धरणं भरलेली, वर घाटात कोसळतोय. गावानं बांधाबांध सुरू केली. शेजारचा आण्णाप्पा चौगुले आपला ट्रॅक्टर घेऊन आला आणि त्यानं ट्रॉलीला पिन लावली.

"काका, चला लवकर. ओढ्याच्या पुलावर पाणी चढायच्या आत माळावर जाऊ."

पद्मावती जुन्या घराच्या दारात उभी होती. तिनं ना पिशवी भरली होती ना पदर खोचला होता.

"तुमचं घर तुम्ही घेऊन जावा," ती म्हणाली. "मी हितंच बरी हाय."

"पद्मा, हा काय वेळ आहे का रुसायचा!"

"रुसले न्हाई मी. मागल्या वेळी माझी म्हैस हुती म्हणून थांबले. आता जायला तरी कुणासाठी जाऊ?"

गल्लीच्या तोंडाशी गढूळ पाणी आलं होतं. आण्णाप्पा ट्रॅक्टर चालू ठेवून हातवारे करत होता. मगदूमांच्या तोंडाशी पूर, नियम, रुबीना, धोका, सगळं एकदम आलं आणि त्यांना स्वतःचाच इतका संताप आला की ते तिच्यावरच ओरडले.

"अगं, दोघांचं नाहीच ते घर! झालंच नाही! वाळूची पोती ठेवून बसलो होतो मी तुझ्या जागी. तू कुठल्या कुशीवर झोपतीस ते मला ठाऊक नाही. गुडघा ठाऊक नाही, दगड ठाऊक नाही. ती पोरगी सांगून गेली, एकट्याचंच झालंय म्हणून. तू माझ्या खुर्चीत बस, तेवढी जागा पक्की आहे. मी ट्रॅक्टरवर बसतो. पण चल!"

पद्मावती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

"म्हैस विकली, गोठा पाडला, उन्हाळाभर बोटं फोडून घेतली," ती म्हणाली, "आणि त्यात दोघं मावत न्हाईत?"

"नाही."

"मग शहाणपणाच म्हणायचा तुमचा."

"म्हण काय म्हणायचं ते. पण गाडीत बसून म्हण."

ती अजून हलेना. आण्णाप्पानं हॉर्न दाबून धरला.

"चांदीला कुठं दिलीसा?"

इतक्या महिन्यांत तिनं हे विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

"आळत्याला. डोंगराच्या पायथ्याला मळा आहे त्यांचा."

"तिथं पाणी येतंय?"

"नाही गं. उंचावर आहे. ते बघूनच दिली."

"एवढं तरी बघितलासा," पद्मावती म्हणाली आणि आत जाऊन देव्हाऱ्यातली मूर्ती पदरात घेऊन आली.

ती खुर्चीत बसली. मगदूम ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, डोक्यावर पोत्याची खोळ. पुलावर चाकं बुडली तेव्हा ते मागं वळून ओरडले, "मध्ये चालू नको! ओट्याकडं जाऊ नको!" खिडकीतून उत्तर आलं, "पुढं बघा!" आणि खिडकी लागली.

साखर कारखान्याच्या माळावर ट्रॉली लागली. पूर ओसरला तसे लोक आपापल्या घरी चिखल उपसायला गेले. मगदूमांच्या जुन्या घराची मागची भिंत बसली होती, तिकडं जाऊन राहायची सोय नव्हती. रुबीना एकदा येऊन गेली, पद्मावतीला सगळं समजावून गेली, आणि दुसरा सव्वा महिना सुरू झाला. पद्मावती आत, मगदूम बाहेर आण्णाप्पानं बांधून दिलेल्या ताडपत्रीखाली. स्वतःच्या हातानं बांधलेलं घर दहा पावलांवर, आणि आपण पालात!

पहिले काही दिवस ते ताडपत्रीखालून सूचना देत असत.

"काकवी पातळ कर गं! मुंग्या येतील!"

"आल्या तर येऊ देत. त्यांनी काय खायचं न्हाई?"

"भिंतीला टेकून बस, तिला ताण कळला पाहिजे!"

"तुम्हीच या शिकवायला."

"मला आत यायची बंदी आहे म्हणून तर ओरडतोय!"

मग खिडकी लागायची. ओटा तिला उंच पडत होता, कारण मगदूमांनी तो स्वतःच्या कमरेच्या मापानं घातला होता. एके दिवशी सकाळीच आतून करवतीचा आवाज आला. मगदूम धावत दारापर्यंत गेले आणि पाय उचलून तसेच थांबले. आत पाय घालायची बंदी. बाहेर उभं राहून त्यांनी आपला ओटा कापला जाताना ऐकला. हात नुसते शिवशिवत होते. शेवटी ते जाऊन ट्रॉलीचं चाक पुसत बसले, ज्याची काही गरज नव्हती.

हळूहळू आतले आवाज त्यांना ओळखू यायला लागले. एक पाऊल जड, एक हलकं. दुपारी बराच वेळ काही वाजत नसे, म्हणजे ती बसलेली असे. बसलेली! कुठं बसते ते मात्र बाहेरून दिसत नव्हतं. जेवण ती दिवस मावळायच्या आत त्यांना बाहेर आणून द्यायची आणि पायरीवर उभी राहून दोन शब्द बोलायची. एकदा काकवी शिंपडताना ती भिंतीवर हात मारून "खा बाई, खा" म्हणाली ते त्यांनी ऐकलं. अळंबीचं काय झालं, असं विचारायला त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण एवढ्या दिवसांनी घरात कुणाशी तरी ती गोड बोलत होती.

सव्वा महिना झाला त्या सकाळी मगदूमांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. पद्मावती दारात आली.

"या आता," ती म्हणाली.

ते आत शिरले. वास बदलला होता, ओटा बुटका झाला होता, त्यांची खुर्ची जिथल्या तिथं होती. पेपर काखेत होताच. ते सवयीनं सरळ खिडकीकडं निघाले आणि खुर्चीपाशी पोचायच्या आत काडकन आवाज होऊन त्यांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत फरशीत गेला. खाली नुसती हवा. चप्पल निसटून माळावर पडल्याचं त्यांना ऐकू आलं.

"लागलं का?" पद्मावतीनं विचारलं.

"नाही."

मग ती हसली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, ओट्याला धरून, डोळ्यांत पाणी येईतोवर. मगदूम एक पाय आत आणि एक बाहेर, अशा अवस्थेत पेपर सांभाळत उभे होते. उन्हाळाभर घाम गाळून केलेली त्यांची पक्की जागा घरानं खाऊन टाकली होती. चिडायचं तर कुणावर चिडायचं! त्यांनी कसाबसा पाय वर ओढला, पण तो टेकायचा कुठं ते कळेना. डावीकडं वाजलं, तसा त्यांनी पाय उचलून धरला. उजवीकडंही वाजलं.

"पद्मा," ते म्हणाले, "पाय कुठं टाकू?"

तिनं डोळे पुसले. खाली सगळ्या फरशीवरून सावकाश नजर फिरवली, मग त्यांच्याकडं बघितलं. तिला काही घाई नव्हती.

"थांबा तसंच," ती म्हणाली. "विचार करून सांगते."

आणि मगदूमसाहेब एका पायावर उभे राहून वाट बघत राहिले.